भाजलेल्या जखमेवर बटाट्याची साल

मुंबईचा कापूस बाजार कुलाब्याहून हलला आणि कॉटन ग्रीन नावारूपाला आलं. कॉटन एक्स्चेंजची इमारत तिथे आजही उभी आहे. मात्र भाजलेल्या जखमेशी याच कापसाचं फारसं जमत नाही. सुती गॉझ जखमेतला ओलावा शोषते, वाळून चिकटते आणि पट्टी बदलताना नव्याने धरलेली कोवळी त्वचाही ओरबाडून काढते. ड्रेसिंगची वेळ झाली की लहान मुलं टाहो फोडतात, ते यामुळेच.

यावर एक स्वस्त उपाय शेजारच्या परळमध्ये शोधला गेला. वाडिया बालरुग्णालयातले डॉ. एम. एच. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर बसवून, निर्जंतुक करून जखमेवर बांधल्या. १९८५ मध्ये हे काम ‘बर्न्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. सालीचा बाहेरचा थर पाणी अडवतो, त्यामुळे जखम ओलसर राहते आणि पट्टी चिकटत नाही. साल जंतू मात्र मारत नाही. त्यासाठी मलम लागतंच. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. ती तितकीच गुणकारी आणि आणखी स्वस्त ठरली.

वरवरची जखम अशा पट्टीखाली भरून येते. खोल भाजलं असेल, तर रुग्णाच्याच मांडीवरचा त्वचेचा पातळ थर काढून जखमेवर लावतात. जखम भरली तरी व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो. जाड होतो, आकसतो. मान छातीकडे ओढली जाते, बोटं वाकडी होतात. म्हणून स्प्लिंट आणि व्यायाम सुरुवातीपासूनच हवेत आणि जखम भरली की घट्ट दाबपट्टेही. तरीही आखडलंच, तर प्लास्टिक सर्जन व्रणावर ‘झेड’च्या आकाराचा छेद घेऊन त्वचेच्या दोन त्रिकोणांची अदलाबदल करतात. त्यामुळे व्रणाची लांबी वाढते आणि सांधा मोकळा होतो.

शरीराचा मोठा भाग भाजला असेल, तर स्वतःची त्वचा पुरत नाही. तेव्हा मृत दात्याची त्वचा काही आठवडे जखम झाकते आणि जीव वाचवते. शीवच्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घेता येते. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही.

भाजल्यावर हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका; वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि रुग्णालय गाठा. आणि नेत्रदानाचा फॉर्म भरताना घरच्यांना त्वचादानाचंही सांगून ठेवा.