नऊ एकांचा वर्ग

कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की मागण्यांची यादी निघणार, असे आपण धरून चालला असाल. आज आम्ही एकच संख्या घेऊन आलो आहोत : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. हिचे अंक सतरा. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतरावे 'मध्य'. तेथून ही सुरू होते.

ही आली कोठून? नऊ एक ओळीने मांडा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, तसेच पुढे. गुणाकारात एकांच्या ओळी एकेक घर सरकतात आणि मधल्या घरात सर्वांत जास्त एक साचतात, एवढेच त्याचे कारण. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा निघतो आणि शिडी मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. नऊ वेळा जुळले ते दहाव्या वेळी फसले!

अशा वर्गांना 'अद्भुत डेम्लो संख्या' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनात या संख्यांचा विचार त्यांना सुचला. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात लिहिले तेव्हा जगाला ते कळले. आम्ही स्वतः सातवीत शाळा सोडली, त्यामुळे या मास्तरांविषयी आम्हांला अंमळ जास्तच आपुलकी.

आता अवयव पाहू. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यांतील १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा शेवटचा आणखी फुटतो का? ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे, कारण ५७८ चा वर्ग त्याच्या पलीकडे जातो. आम्ही दोन रात्री हेच केले. तो फुटत नाही. म्हणजे आपली सतरा अंकी संख्या ३, ३७ आणि ३३३६६७ या तिघांवरच उभी आहे : तीन चार वेळा, बाकीचे दोन-दोन वेळा.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. दहा म्हणजे नऊ अधिक एक, शंभर म्हणजे नव्याण्णव अधिक एक. म्हणून नऊने भागल्यावर संख्येचा जो शेष तोच अंकांच्या बेरजेचा. मोंढ्यातील मुनीम याच युक्तीने वह्या तपासत, आणि आम्ही ती त्यांच्याकडूनच उचलली.

याच युक्तीने एकदा आमची फजिती केली. एका सळईच्या कारखान्यात थकबाकी वाटली जात होती. मूळ हिशेबात एका कामगाराचे ५,९४० रुपये निघत होते. पगारपत्रकावर उतरताना ५,४९० झाले. आम्ही दोन्ही बेरजा नऊने तपासल्या, शेष जुळला, आणि त्या गड्याला सांगितले, "दादा, हिशेब बरोबर आहे." तो ऐकेना. त्याने पोराच्या वहीत रोजच्या रोज हजेरी टिपली होती. आमचा थोडा पारा चढला, हे कबूल करतो. रात्री वहीवरून रकमा मांडल्या तेव्हा उमगले : शेजारचे दोन अंक आलटले तर फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो. येथे ४५० चा पडला. नऊची कसोटी त्याबाबत आंधळी आहे! पुढच्या पगाराला त्याला ते ४५० रुपये मिळाले.

तेव्हापासून आम्ही अकराचीही कसोटी लावतो. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. ५,९४० चे शून्य येते, ५,४९० चे उणे दहा, म्हणजे शेष एक. चोरी लगेच पकडली जाते. आपल्या सतरा अंकी संख्येलाही ती लावून पाहा. तेथेही शेष एकच उरतो. अकरा तिचा अवयव नाही.