पान गेलं म्हणजे काय गेलं?

मे महिन्यात देवरी, अर्जुनी-मोरगावकडच्या जंगलातून बाया-माणसं पहाटेच तेंदूची पानं तोडून आणतात आणि मग घरोघरी 70-70 पानांचे पुडे बांधणं सुरू होतं. महिना-दीड महिना आधी हीच झुडपं जमिनीलगत छाटलेली असतात. छाटलं, फुटलं, फुटलेलं तोडलं. तरी पुढल्या वर्षी झुडूप हजर! हे जगतं कशावर?

उत्तर पायाखाली आहे. सागाची जडी बघा. रोपवाटिकेतलं वर्षभराचं रोप उपटून त्याची सगळी पानं आणि बारीक मुळं छाटून टाकतात. उरतं वीतभर सोटमूळ आणि वर बोटाच्या पेराएवढं खोड. वाळक्या गाजरासारखा हा तुकडा पावसाच्या तोंडावर सब्बलीच्या भोकात रोवला, की काही आठवड्यांत पानं! एकही पान नसताना पहिलं पान येतं ते मुळातल्या साठ्यावर.

पानं वारंवार गेली आणि हा साठा उपसला, की वाढ मात्र मंदावते. केरळच्या वनसंशोधन संस्थेने निलंबूरच्या लहान वयाच्या सागलागवडीत मोजलं, तर पानं फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाची 44 टक्के संभाव्य वाढ बुडत होती.

त्यात पानाबरोबर नत्रही जातं. उन्हातून अन्न घडवणाऱ्या यंत्रणेतलं एकटं रुबिस्को नावाचं प्रथिनच पानातल्या नत्राचा मोठा वाटा धरून बसतं. पान आपणहून गाळायचं असेल, तर झाड आधी त्यातलं साधारण निम्मं नत्र परत ओढून घेतं. हिरवं पान तोडलं किंवा अळीने खाल्लं, तर ही आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

मग घाला युरिया, त्यात 46 टक्के नत्र! रोप हिरवंगार होतंही. पण वरून भरपूर नत्र मिळालं, की रोप कमाई पानांवर उधळतं आणि मुळाच्या वाट्याला कमी येतं. हे गोंदियाच्या धानकऱ्याला कुणी सांगायला नको. युरिया जास्त झालेली बांधी काळीशार दिसते, मग धान लोळतं, तुडतुडे येतात. किड्यालाही शरीर बांधायला नत्रच लागतं, त्याला पौष्टिक पान बरोबर सापडतं. जमीन कसदार नसेल, पाणी असेल, तर थोडं नत्र पानं गमावलेल्या रोपाला सावरतं, हेही खरं. पण मुळं आखूड ठेवून फोफावलेलं रोप एप्रिलच्या उन्हात काय करणार?

जंगलातली ऐन, बिजा, तेंदूची रोपटी उलटा हिशेब करतात. उन्हाळ्यात, वणव्यात वरचा भाग वाळतो, जळतो; मूळ तेवढं जाड होत राहतं. पहिल्या पावसानंतर नागझिऱ्याच्या वाटेवर वीतभर तेंदू दिसला, तर तो यंदाचाच असेल असं नाही. खालचं मूळ पाचवीतल्या पोराच्या वयाचं असू शकतं.