धानावरील तुडतुडे आणि पडद्यावरील हलती चित्रे

रायपूरच्या तेलीबांधा तलावावरून महामार्गाने पूर्वेकडे निघाल्यास थोड्याच अंतरावर इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय लागते. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगावी हिंडून संकलित केलेल्या देशी धानवाणांचा वारसा येथे जतन केला असून संग्रहातील नमुन्यांची संख्या २३ हजारांहून अधिक आहे. सीमेपलीकडील गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील धान उत्पादकांच्या दृष्टीनेही या परिसरातील ज्ञान मोलाचे आहे. मात्र असे ज्ञान संकेतस्थळावर कोणत्या रूपात मांडले जाते, यावर ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे अवलंबून असते.

तपकिरी तुडतुड्याचे उदाहरण घेऊ. ही कीड चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत राहून रस शोषते. पिल्लांच्या ५ अवस्था असतात आणि प्रादुर्भाव वाढल्यास बांधीत गोलाकार पट्टे करपल्यासारखे दिसू लागतात. वरून पाहणाऱ्यास कीड दिसत नाही, म्हणूनच तिचे जीवनचक्र ॲनिमेशनने दाखविणे खरोखर उपयुक्त ठरते. बोटाने चूड बाजूला सारावा आणि बुंध्याशी तुडतुडे दिसावेत, अशी रचना दहा परिच्छेदांहून अधिक शिकवून जाते. तेव्हा हलती चित्रे नकोतच, असे म्हणणे योग्य नव्हे.

अडचण पुढे येते. ही रचना बहुधा ‘कॅनव्हास’ या तंत्राने रेखाटली जाते. त्यात उमटलेली अक्षरे वाचकाला दिसतात. परंतु शोधयंत्राच्या दृष्टीने ती केवळ रंगाचे ठिपके असतात. गूगलचा संकलक पान उघडतो, त्यातील जावास्क्रिप्टही चालवून पाहतो. मात्र माणसाप्रमाणे बटण दाबत नाही किंवा चूड बाजूला सारत नाही. त्या कृतीनंतरच दाखल होणारा सल्ला त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या ‘नगरी दुबराज’ या वाणाचे नाव जर केवळ चित्रात रंगविले असेल, तर ते शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यता फारच कमी. दृष्टिबाधित वाचकाच्या स्क्रीन रीडरचीही हीच अवस्था होते. एकाच उणिवेने दोन्ही दारे बंद होतात आणि एकाच उपायाने दोन्ही उघडतात: कीड, लक्षणे व उपाय हे सारे प्रथम साध्या मजकुरात, योग्य शीर्षकांसह लिहावे आणि चित्र त्यावर चढवावे.

वेगाचा प्रश्नही दुय्यम नाही. पानावरील मुख्य मजकूर वा चित्र २.५ सेकंदांत दिसावे, अशी गूगलची अपेक्षा आहे. बांधावरील क्षीण नेटवर्कवर जड ॲनिमेशन ही मर्यादा सहज ओलांडते. घटकाची जागा किंवा पारदर्शकता ‘ट्रान्सफॉर्म’ व ‘ओपॅसिटी’ यांनी बदलल्यास ब्राउझरवर भार कमी पडतो. रुंदी-उंची बदलत राहिल्यास संपूर्ण पानाची मांडणी पुन्हा करावी लागते आणि वाचत असलेली ओळ हातातून निसटते.

सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार, अन्य मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून अधिक चालणारी हालचाल वाचकाला थांबविता आली पाहिजे आणि साधारणपणे सेकंदाला ३ पेक्षा अधिक वेळा काहीही लखलखू नये. हा नियम काल्पनिक भीतीवर आधारलेला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टून भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सुमारे ६८५ जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. हालचालीने भोवळ येणाऱ्या व्यक्ती फोनमध्ये ‘कमी हालचाल’ हा पर्याय निवडतात. संकेतस्थळाने तो ओळखून स्थिर चित्र दाखवावे. आपल्या शासकीय व संस्थात्मक संकेतस्थळांना प्रिय असलेली सूचनांची सरकती पट्टी या कसोटीवर प्रथम तपासावी. तिचे जुने ‘मार्की’ हे रूप एचटीएमएलच्या मानकाने केव्हाच कालबाह्य ठरविले आहे.

फ्लॅशचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचे पाठबळ संपले आणि केवळ त्यातच बांधलेले धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. सोबत मजकूर असलेली पाने मात्र आजही वाचता येतात.

प्रसिद्धीपूर्व तपासणीसाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. साधा अँड्रॉइड फोन घेऊन बांधावर जावे, टॉकबॅक सुरू करावे, पडद्याकडे न पाहता तुडतुड्याचे पान ऐकावे. फवारणीचा झोत बुंध्याकडे ठेवावा, ही सूचना कानी पडली नाही, तर पान पुन्हा लिहावयास घ्यावे.