दगडाची भिंत भूकंपात का फुटते, आणि का टिकते?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. सुमारे १८० माणसं गेली. पाटण खोऱ्यात सर्वाधिक कोसळली ती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांची घरं.

दोष दगडाचा नव्हता, रचनेचा होता. अशा जाड भिंतीत दोन बाजूंना दगडांचे थर असतात आणि मधे खडी-मातीची भर. हादरा बसला की भर खाली बसते, भिंतीला पोट येतं आणि दोन्ही थर वेगळे होऊन ढासळतात.

आता आपल्या भागातली हेमाडपंती पद्धतीची देवळं बघा. घडीव दगड, खाचेत बसवलेले सांधे, चुन्याचा वापर नाही. मोठे दगड स्वतःच्या वजनाने घट्ट बसतात. धक्क्यात सांधे किंचित सरकतात आणि घर्षणात बरीच ऊर्जा जिरते. छतही एकावर एक पुढे सरकत गेलेल्या थरांचं असतं, त्यामुळे कमानीसारखा बाहेर रेटा येत नाही. ही रचना मुद्दाम भूकंपासाठी केली असं नाही, पण तिचे गुण तिथे उपयोगी पडतात.

सातारा-सांगलीत दगडी घर बांधणाऱ्यांनी एवढं नक्की करा:

🔹 भिंतीची पूर्ण जाडी सांधणारे आरपार दगड घाला: उंचीत दर ६० सेंमीला, आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरवर
🔹 कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून गुंफा
🔹 जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा बांधा
🔹 छप्पर हलकं ठेवा

गवंड्याशी आजच बोला. आरपार दगडाचा खर्च थोडा, पण जीव वाचतात.