तबकडीवरचे धवळे

ठाण्याहून भिवंडीच्या वाटेला लागलं की बाळकुम लागतं. आज तिथं उंच इमारती दिसतात. पण मूळ गावठाण आगरी-कोळ्यांचं. या समाजाच्या लग्नात धवलारीण हवीच. हळदीपासून एकेका विधीला ती धवळे गाते. ती गाणी तिला मुखोद्गत असतात, पोथी समोर नसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या लग्नांचं चित्रण मात्र डीव्हीडीवर झालं, आणि त्या तबकड्या अनेकांच्या कपाटात पडून आहेत. नवरा-नवरीच्या हौसेखातर केलेल्या त्या चित्रणात धवलारणीचा आवाजही आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपण म्हणाल, तबकडी आहे ना जपून ठेवलेली, मग काळजी कसली? इथंच गफलत होते. दुकानात मिळणाऱ्या चित्रपटाच्या डीव्हीडीत माहितीचे खळगे छापलेले असतात. लग्नाची तबकडी तशी नव्हे. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरच्या किरणाने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो रंग बिघडतो. आपल्या खाडीकाठच्या हवेत तर विचारूच नका. वरून तबकडी चकचकीत दिसते, पण आतली अक्षरं पुसट होत असतात.

म्हणून तिची नक्कल संगणकात उतरवून घ्यावी. नव्या लॅपटॉपला तबकडीचा खण नसतो. यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तो शाळेने एक घेतला तरी गावाला पुरतो. तबकडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नव्हे. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल, तो सगळाच्या सगळा उचलावा. एका थराच्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. म्हणजे एक टीबीच्या हार्डडिस्कवर अशा दोनशेच्या वर तबकड्या सहज बसतात. जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून लहान करण्याची घाई करू नये. एकदा गेलेला बारकावा परत येत नाही. लहान प्रत नातेवाइकांना पाठवायला वेगळी करावी.

पाहण्यासाठी जुना संगणक एचडीएमआयच्या तारेने टीव्हीला जोडला की झालं. व्हीएलसी किंवा कोडी हे कार्यक्रम फुकट मिळतात. हलत्या माणसांच्या कडांना फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसल्या तर तबकडी खराब झाली असं समजू नका. जुन्या टीव्हीसाठी चित्र एकाआड एक ओळींनी घेतलेलं असतं. ‘डीइंटरलेस’ ही सोय चालू केली की रेघा जातात.

विकत घेतलेल्या चित्रपटांची गोष्ट निराळी. त्यांना बहुधा कुलूप असतं, आणि २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात, हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणाऱ्याला शिक्षा आहे. नकला काढून वाटण्याच्या फंदात पडू नये.

हार्डडिस्कही एके दिवशी बंद पडतेच, तेव्हा दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. लेकीच्या सासरी ठेवली तर उत्तम. फोल्डरला साल, गाव आणि घराचं नाव द्यावं. शिक्षकांना एक सुचवतो. गावातल्या एखाद्या जुन्या धवलारीण आजींना मुलांसह टीव्हीसमोर बसवा. कोण गातंय, कोणत्या विधीचा धवळा आहे, हे त्या सांगतील तसं मुलांनी लिहून घ्यावं आणि तो कागद टंकून त्याच फोल्डरात ठेवावा.