जायबंदी पिल्लाचा वेळ

शनिवार पेठेंतील एखाद्या वाड्याच्या जिन्यावरून घसरून कुत्र्याच्या पांच-सहा महिन्यांच्या पिल्लाचा पाय मोडला, म्हणजे पशुवैद्य त्याला कांहीं आठवडे हिंडूं-फिरूं न देण्यास सांगतात. कोवळें हाड लवकर सांधतें हें खरें. परंतु तें पुरतें सांधण्यापूर्वींच कळ कमी होते आणि पिल्लूं उड्या मारूं पाहतें. खरा धोका येथेंच आहे. एका उडीनें बसविलेलें हाड सरकूं शकतें.

अशा वेळीं उपयोगी पडतें तें त्याचें नाक. गंध ओळखणाऱ्या पेशी त्यांत मनुष्याहून कितीतरी पटींनीं अधिक असतात. म्हणून भाकरीचे तुकडे ताटलींत न ठेवतां जुन्या पंचाच्या घड्यांत दडवावे व पिल्लाला बसल्या जागीं हुंगून शोधूं द्यावे. दहा मिनिटांत तें चांगलेंच दमतें. पंचा चघळूं लागल्यास लगेच काढून घ्यावा. चिंधी आंतड्यांत अडकते. हा खाऊ रोजच्या आहारांतूनच वजा करावा, नाहीं तर वाढलेलें वजन दुखऱ्या पायावर पडतें. मनुका कुत्र्यास विषारी आहेत. मायेनें त्या भरविणारी आजी बहुतेक घरांत असते, तिला आधींच सांगून ठेवावें.

लसी पुऱ्या झालेल्या पिल्लासाठीं ओंकारेश्वराकडे फिरावयास गेलेल्यानें एखादें वाळलें पान आणावें. नदीकांठचे वास हुंगण्यांत तें बराच वेळ रमतें. खिडकींत बसविण्याची हौस मात्र आवरावी. रस्त्यावरचें कुत्रें दिसतांच पिल्लूं उसळतें. गणपतींत ढोलताशे सुरू झाले कीं त्याला आंतल्या खोलींत न्यावें आणि कोणीतरी जवळ बसावें.