गोल अडवणारीला टाळ्या कोण देणार?

शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर, तेव्हा आमच्या माहीमच्या घरात बोलणं सगळं क्रिकेटचं. पण गेल्या वर्षी लेकीनं शाळेच्या फुटबॉल संघात नाव घातलं आणि घराचा नूरच पालटला. संघ अगदी नवा. पहिला सामना ५-० असा हरल्या, दुसरा ४-०. मग त्यांच्या बाईंनी हिला पुढच्या फळीतून काढलं, मागे बचावाला उभं केलं आणि वर कप्तानही केलं. घरी आली ती डोळे पुसतच. "मागे उभं राहून काय करू? गोल तर पुढच्याच मुली मारणार!"

मी तरी काय सांगावं? "बाईंना सांग, मला पुढेच खेळायचंय." आठवड्यातले तीन दिवस मी स्वतः वर्गावर शिकवते, पण आपल्या मुलीची गोष्ट आली की शिक्षिका बाजूला राहते आणि आईच बोलते!

आमचे हे मात्र हसले. २०१६ साली हे लोकलनं अंधेरीला जाऊन 'मुंबई सिटी'चे सामने पाहायचे. मला त्या दिवसांतलं आठवतं ते रात्री उशिरा पुन्हा गरम केलेलं जेवण! त्या रात्री त्यांनी लेकीला समोर बसवून एक हिशेब मांडला. मैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. वाण्याच्या वहीइतका सोपा आहे.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. आठ संघांत मुंबईचा नंबर सातवा आला. २०१५ साली सहावा. त्या वर्षी फ्रान्सचा नावाजलेला खेळाडू निकोलस अनेल्का हाच खेळायचा आणि तोच प्रशिक्षकही होता. नोव्हेंबरमध्ये गोव्यानं तर मुंबईवर सात गोल चढवले. साखळीतल्या १४ सामन्यांत मुंबईनं गोल केले १६ आणि खाल्ले २६!

२०१६ साली नवे प्रशिक्षक आले अलेक्झांडर गिमाराईस. कोस्टारिकाच्या संघाला दोन विश्वचषकांत उतरवलेले, अनुभवी. कप्तान झाला उरुग्वेचा दिएगो फोर्लान, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्कृष्ट खेळाडू. तुम्हाला वाटेल, मग गोलांचा पाऊस पडला असेल. छे! साखळीतले सामने तेवढेच १४, आणि गोलही तेवढेच, १६. एकसुद्धा जास्त नाही. पण खाल्लेले गोल? २६ वरून आले ८ वर. आणि सहावा संघ साखळीत पहिला आला!

बचावफळीत रुमानियाचा लुचियान गोयान आणि ब्राझीलचा गेर्सन व्हिएरा भिंतीसारखे उभे राहिले. हंगामाच्या मध्यावर आलेला पंजाबचा अमरिंदर सिंग स्पर्धेतला उत्कृष्ट गोलरक्षक ठरला.

बचाव म्हणजे आलेला चेंडू लाथेनं लांब उडवणं, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. मागच्या साऱ्यांनी एका ओळीत सरकायचं. एक जण पुढे धावला की दुसऱ्यानं त्याची जागा राखायची. पुढच्यांनीही मदतीला मागे यायचं. आणि सारं मैदान मागूनच दिसतं, म्हणून मागच्यानं सतत बोलायचं, "डावीकडे बघ, तू थांब, मी जातो." कप्तान मागे असला तर बिघडत नाही, ते असं.

त्या वर्षी करंडक काही मिळाला नाही. उपांत्य फेरीत कोलकात्याला मुंबई ३-२ अशी हरली, खुद्द फोर्लानला लाल कार्ड मिळालं आणि परतीचा सामना गोलाविना सुटला. पण १३ मार्च २०२१ रोजी, कोविडमुळे रिकाम्या ठेवलेल्या गोव्याच्या मैदानावर, मुंबईनं अंतिम सामना जिंकून करंडक उचलला. कप्तान कोण होता? तोच गोलरक्षक अमरिंदर!

लेक गप्प झाली. मीही झाले. अहो, दूध उतू गेलं की साऱ्या घराला कळतं. रोज वेळेवर गॅस बंद होतो, त्याची नोंद कोण ठेवतं? महिनाअखेरीला उसनं मागावं लागलं नाही, पोराचा ताप वाढण्याआधीच ओळखला, हे सगळे आपण अडवलेले गोलच की! आणि जिचा सारा जन्म गोल अडवण्यात चाललाय, तिनंच लेकीला सांगावं, 'मागे उभी राहू नकोस'?

पुढचा सामना मी रजा टाकून पाहायला गेले. लेकीचा घसा ओरडून ओरडून बसला होता. सामना ०-० सुटला. टाळ्या फारशा कुणी वाजवल्या नाहीत. मी मात्र हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

तुमचीही मुलं खेळून घरी येतील तेव्हा "किती गोल मारलेस?" एवढंच विचारू नका. "किती अडवलेस?" हेही विचारा. आणि रात्री ओटा पुसून झाला की हाच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारून बघा. उत्तर मोठं येईल!